चुंबकवाल्या मॅडम

कळंबच्या पॉलिटेक्निकात मॅडम पहिल्या दिवशी आल्या तेव्हा प्राचार्य त्यांची कागदपत्रं चाळत होते आणि मॅडम प्राचार्यांच्या पाण्याच्या ग्लासाला लोहचुंबक लावून पाहत होत्या. चुंबक सुपारीएवढा, सुतळीला बांधलेला. ग्लासाच्या पोटाला तो चिकटला नाही, पण वरच्या दुमडलेल्या काठापाशी नेला तेव्हा किंचित ओढला गेला. मॅडमचा चेहरा खुलला. हे काय चाललंय, असं प्राचार्यांनी विचारलं. काठ वळवताना या पत्र्याला ताण बसला, तो त्यानं अजून धरून ठेवलाय, असं मॅडमनी सांगितलं. प्राचार्यांनी ग्लासाकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं आणि सही केली. मग मला केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, "बाई तब्येतीनं बऱ्या आहेत ना?"

मी तिथं रसायनशास्त्र शिकवायचो. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारचं टेबल रिकामं होतं, म्हणून मॅडम माझ्या वाट्याला आल्या. त्या धातुशास्त्र शिकवायच्या. उभी हयात त्यांनी परराज्यातल्या एका मोठ्या कारखान्यात काढली होती. तिथं लालभडक तापलेल्या नळ्यांमधून वायू सोडून त्याची मोडतोड करत. त्या नळ्या किती टिकतील, कधी बदलायच्या, हे पाहणं मॅडमचं काम. निवृत्त झाल्यावर त्या कळंबला आईवडलांच्या घरी परतल्या. वडील मोंढ्यात पोती वाहायचे. त्यांनी पाठीवर धान्य वाहून मुलीला इंजिनिअर केलं, हे मॅडम वर्गात पहिल्याच तासाला सांगायच्या, आणि ते सांगून झालं की लगेच फळ्यावर कार्बनचं चित्र काढायच्या. दोन्हींच्या मध्ये दम घेत नसत.

अंगावर साधी सुती साडी आणि पायात कारखान्यातले जाडजूड बूट. चौदा एप्रिलला पांढरी साडी असायची, तेव्हाही पायात तेच बूट. लग्नालाही तेच. कोणी काही बोललं तर म्हणायच्या, पायावर काही पडायचं असेल तर ते मुहूर्त बघून पडत नाही.

पोरं त्यांना मागं चुंबकबाई म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. एसटीत चढल्या की त्या आधी दांडीला चुंबक लावायच्या आणि मग बसायला जागा शोधायच्या. कंडक्टर ओळखीचे झाले होते. एकदा एकानं विचारलं, "मॅडम, आमची गाडी अजून चालंल का?" मॅडमनी गंभीरपणे सांगितलं की दांडी चांगली आहे, बाकीच्याची हमी नाही.

त्यांच्या या नादापायी एका लग्नात मोठा घोटाळा झाला. आमच्याच एका शिपायाच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात रुखवत मांडलेला, स्टीलची भांडी रचलेली. मॅडम जेवून उठल्या आणि हात पुसत पुसत भांड्यांना चुंबक लावत सुटल्या. एक डबा चिकटला. वरपक्षाकडच्या एका मावशीनं ते पाहिलं, आणि पोरीच्या बापानं हलकं स्टील दिलं अशी कुजबुज मांडवभर पसरली. शिपाई रडकुंडीला आला. तेव्हा मॅडम रुखवताच्या चौरंगावर चढल्या आणि माईकवरून त्यांनी वऱ्हाडाचा धातुशास्त्राचा अख्खा तास घेतला. चुंबक चिकटला म्हणजे भांडं खोटं असं नाही, पत्रा ओढून ताणून डबा केला की चांगलं स्टीलही थोडं चिकटतं, आणि शिवाय हा डबा मी स्वतः घरी वापरीन. भटजी थांबले, बँडवाले थांबले. शेवटी वराचा बाप हात जोडून म्हणाला, पटलं. मॅडम खाली उतरल्या तेव्हा घामाघूम झाल्या होत्या. मला म्हणाल्या, की चुंबक पिशवीतून काढताना आजूबाजूला मावशी आहे का ते बघायला पाहिजे.

कार्बनविषयी त्या माणसाविषयी बोलावं तसं बोलायच्या. तो वाईट नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. तो नसता तर नांगराच्या फाळाला धार राहिली नसती आणि बैलगाडीचा आस वाकला असता. पण तो पाव्हणा आहे. ओसरीवर बसला तर घराला शोभा, माजघरात शिरला की घरच्यांना बाहेर काढतो. क्रोमियम हा धातू स्टीलचं रक्षण करतो; तापलेल्या स्टीलमध्ये कार्बन शिरला की तो पहिल्यांदा त्या क्रोमियमलाच धरून बसतो. मग राखण करायला कोणी उरत नाही. वरून भांडं तेच दिसतं, आतून मात्र काचेसारखं झालेलं असतं. हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा, एखाद्या घरातलं खाजगी सांगावं तसा.

कॉलेजच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. तिथं मॅडमचा वेगळाच तास चालायचा. दूध तापलं की त्या टपरीवाल्याला थांबवायच्या, चमच्यानं साय बाजूला करायच्या आणि पुन्हा धरते कशी ते बघत उभ्या राहायच्या. मागं गिऱ्हाईक खोळंबलेलं. टपरीवाला आधी वैतागला, मग त्यानं मॅडमसाठी एक छोटं पातेलं वेगळं ठेवलं. पोरांना त्या तिथंच उभ्यानं शिकवायच्या. रंग म्हणजे वरून ठेवलेलं झाकण. झाकण पडलं की दूध उघडं. चांगला थर सायीसारखा पाहिजे. तो दुधातूनच वर येतो, फाटला तर दूधच नवा धरतं. धातूच्या अंगावर असा थर धरला तर कार्बनला आत जायला वाट मिळत नाही. पण दुधातला स्निग्धपणा संपला की कितीही तापवा, साय येत नाही. माझा एक विद्यार्थी पुढं मोठ्या कंपनीत लागला. मुलाखतीत त्यानं हीच साय सांगितली म्हणे.

मोडलेल्या वस्तूंचा त्यांना लोभ होता. सगळीकडं सांगून ठेवलं होतं, काही मोडलं तर फेकू नका, मला आणून द्या. मग कोणी ट्रॉलीची पिन आणायचं, कोणी सायलेन्सर, कोणी पंपाचा दांडा. आमच्या स्टाफरूमच्या कपाटात वह्या मावेनात. एखादा माणूस मोडलेले दोन तुकडे एकमेकांना जुळवून दाखवायला लागला की मॅडम ओरडायच्याच. मोडलेलं तोंड घासायचं नाही, धुवायचं नाही, दुसऱ्या तुकड्याला टेकवायचं नाही. ते कसं मेलं हे त्या तोंडावर लिहिलेलं असतं. भिंग लावून तासन्‌तास बघायच्या. कोणी चेष्टेनं विचारलं की आता बघून काय उपयोग, तर उत्तर द्यायच्या नाहीत.

मॅडम गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. आजारपण फार नव्हतं. त्यांच्या भावाच्या मुलानं फोन केला तेव्हा मी वर्गात होतो. त्यांची आठवण निघाली की कळंबची माणसं हमखास लग्नातला किस्सा सांगतात. मला मात्र माझ्या गावची भट्टी आठवते.

माझं गाव भूमच्या अलीकडं. कोरडा मुलूख. दुभती जनावरं आणि खव्याच्या भट्ट्या यांवर गाव चालतं. माझी वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, तिथं बायकांचा बचत गट चालवायची. त्यांनी कोळसा करायला घेतला होता. तुराट्या आणि वेडी बाभूळ तोडून आणायची, मोठ्या स्टीलच्या हंड्यात भरायची, झाकण घट्ट बसवायचं आणि खालून जाळ लावायचा. आत हवा नसल्यानं लाकूड जळत नाही, त्याचा कोळसा होतो. लाकडातून निघणारा वायू एका नळीनं परत खाली जाळात यायचा आणि तिथंच पेटायचा. एकदा तो पेटला की वरून लाकूड घालावं लागत नसे. हंडा आडवा, माणूस आत झोपेल एवढा. विटांच्या कट्ट्यावर बसवलेला. बाहेरच्या एका वर्कशॉपातून तो बनवून आणला होता. कोळसा खव्याच्या भट्टीवाले घ्यायचे. पहिला हंगाम चांगला गेला होता. गटातल्या बहुतेक बायका त्याआधी दरसाल ढोकीकडं ऊसतोडीला जायच्या. त्या वर्षी त्या घरी राहिल्या, पोरं शाळेत राहिली.

दुसऱ्या हंगामाची पहिली भट्टी जिल्ह्याच्या एका अधिकाऱ्याच्या हस्ते पेटवायची ठरली. वहिनीनं मला बोलावलं. मी सहज मॅडमना विचारलं, कारण खव्याच्या कढया बघायच्या म्हणून त्या केव्हाच्या मागं लागल्या होत्या. सकाळच्या एसटीनं आम्ही गेलो. मॅडमनी आधी खव्याच्या कढया पाहिल्या, कढईचा काळा थर बोटानं चाचपला, खवा खाल्ला, आणि मग आम्ही भट्टीपाशी आलो. हंड्याला झेंडूच्या माळा घातलेल्या, समोर रांगोळी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, साहेबांसाठी एक उंच पाठीची खुर्ची. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आलेल्या.

मॅडमनी सवयीनं झाकणाला चुंबक लावला. चिकटला नाही. मग वाकून बुडाला लावला, जिथं जाळ लागतो तिथं. टक् आवाज झाला. त्यांनी ओढून काढला, हातभर सरकून परत लावला. परत टक्. मी हसून म्हणालो, वाकवताना ताण बसला असेल, मॅडम. त्या हसल्या नाहीत. वायूची नळी कुठं उघडते ते त्यांनी वहिनीला विचारलं. नळीच्या वळणातली काजळी त्यांनी कागदावर काढून घेतली आणि चुंबक वर धरला. काजळी उठली आणि चुंबकाला दाढीसारखी लोंबली.

बायका जवळ आल्या. मॅडमनी चुंबक वहिनीपुढं धरला. "ही नुसती काजळी नाही," त्या म्हणाल्या. "यात तुमचं भांडं आहे."

मग त्यांनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. प्रत्येक भट्टीला हंडा तापतो आणि निवतो. त्या वेळी त्याच्या अंगावरचा थर तडकतो. आत सगळा कार्बनच भरलेला, तो फटीतून पत्र्यात शिरून क्रोमियम धरतो आणि मग तिथं चुंबक चिकटायला लागतो. हंडा बनवणाऱ्यानं काम चोख केलंय, त्याचा दोष नाही. हे भांडं पाण्याला चाललं असतं, कोळशाला हे चालत नाही. नळीत तर धातू झडून काजळीत मिसळायला लागलाय. बूड आतून किती उरलंय ते वरून कळत नाही. भट्टी पेटलेली असताना फुटली तर आतला वायू जाळासकट बाहेर येईल. तेव्हा आज पेटवू नका.

बायकांना ते पटेना. मागचा सबंध हंगाम हीच भट्टी चालली, कुठं भोक नाही, गळती नाही. हंडा चांगला चकाकतोय. साहेब धाराशिवहून निघालेत. गटातली एक बाई पुढं आली. लग्न झाल्यापासून तिनं एकही तोड चुकवली नव्हती, फक्त मागचं वर्ष सोडून. ती म्हणाली, "मॅडम, ही पेटली न्हाय तर आमाला कोयता घ्यावा लागंल. गाड्या भरायला लागल्यात तिकडं."

मॅडमनी साहेबांसाठी ठेवलेली उंच पाठीची खुर्ची उचलली, रांगोळी ओलांडून नेली, भट्टीच्या तोंडासमोर ठेवली आणि पिशवी मांडीवर घेऊन त्या तिच्यात बसल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं गाव, माझी वहिनी, आणि मीच त्यांना घेऊन आलेलो. मी जवळ जाऊन खालच्या आवाजात विचारलं, तुमची खात्री आहे का.

"खात्री नाही," त्या म्हणाल्या. "खात्री असती तर सांगून मोकळी झाले असते. खात्री नाही म्हणून बसलेय."

बायका आपसात बोलत राहिल्या. कोणी चिडलं, कोणी हसलं. वहिनी मात्र मॅडमच्या खुर्चीशेजारी जमिनीवर येऊन बसली. वहिनीचं असं आहे की ती कोणाला काही विचारत नाही, नुसती बसते, आणि समोरचं माणूस बोलायला लागतं. मॅडम बोलल्या. मी दोन हात अंतरावर उभा होतो, मला ऐकू येत होतं.

कारखान्यात असताना एकदा एका नळीला असाच चुंबक ओढला गेला होता. थोडासाच. त्यांनी बैठकीत सांगितलं. वरिष्ठांनी विचारलं, खात्री आहे का? सगळे त्यांच्याकडं बघत होते. त्या म्हणाल्या, खात्री नाही. मग विषय पुढं सरकला आणि त्यांनी तो सरकू दिला. पुढं ती नळी उभी फाटली. त्या वेळी जो माणूस कामावर होता तो रोज दुपारी त्यांच्यासोबत डबा खायचा. दर पावसाळ्यात त्यांच्यासाठी घरच्या अळूच्या वड्या आणायचा. तो वाचला नाही. नंतर नळीचा तुकडा त्यांच्याच टेबलावर आला, तपासायला. त्याचं तोंड त्यांनी भिंगातून पाहिलं. त्यांना जे वाटलं होतं तेच होतं.

एवढं सांगून त्या थांबल्या. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. पिशवीचा बंद तेवढा त्या बोटाला गुंडाळत होत्या.

वहिनी उठली. तिनं हंड्यावरच्या झेंडूच्या माळा एकेक करून काढल्या, नीट घडी घालून पाटीत ठेवल्या. कोयत्याचं बोललेली बाई म्हणाली, "म्हंजी न्हाय पेटवायची?"

"न्हाय," वहिनी म्हणाली. "साहेबांना मी सांगते."

साहेब आले. वहिनीनं सांगितलं. त्यांच्यासोबत फोटोवाला होता, दोन-तीन कार्यकर्ते होते. ते नाराज झाले, आणि ते साहजिक होतं. ऊन चढलेलं, रस्ता खराब, आणि येऊन बघतात तर एक म्हातारी त्यांच्या खुर्चीत बसलेली. मॅडम उठून उभ्या राहिल्या, नमस्कार केला आणि परत बसल्या. साहेबांनी खवा खाल्ला, पुन्हा कधी तरी बघू म्हणाले आणि गेले.

चार दिवसांनी मी कॉलेजातली कापायची मशीन आणि दोन मुलं घेऊन परत गावाला गेलो. मॅडम होत्याच. बुडाचा हातभर तुकडा कापला आणि दगडावर ठेवून हातोडीचा एक घाव घातला. चांगलं स्टील वाकतं. हे भाजलेल्या पापडासारखं तुटलं. आतल्या बाजूनं भेगा गेल्या होत्या, काही पार बाहेरच्या कातडीपर्यंत आल्या होत्या. मॅडमनी तुकडा उचलला, पदराचा स्पर्श होऊ न देता त्याचं तोंड बघितलं आणि माझ्या हातात दिला. मी बघितलेलं हे पहिलंच तोंड असं होतं की जे त्यांनी भिंग न लावता बघून दुसऱ्याच्या हाती दिलं.

मग त्यांनी वहिनीला सांगितलं, की हंडा टाकायचा नाही, बूड आणि नळी बदलू. मी करून देते.

हे सांगणं सोपं होतं, करणं नव्हे. त्यांना हवं होतं ते असं: नव्या बुडाच्या पत्र्यात अॅल्युमिनियम मुरवायचं. वरून लावायचं नाही, आत मुरवायचं. मग तापल्यावर त्या पत्र्याच्या अंगावर स्वतःचीच साय धरते, आणि ती कार्बनला आत येऊ देत नाही. त्यासाठी पत्रा लोखंडी पेटीत ठेवायचा, भोवती अॅल्युमिनियमची पूड, भाजलेली माती आणि नवसागर ठासायचा, पेटी चिकणमातीनं लिंपायची आणि खूप वेळ लाल तापवायची. कॉलेजची भट्टी टिफिनच्या डब्याएवढी. म्हणून मॅडम कळंबजवळच्या एका वीटभट्टीवाल्याकडं गेल्या. कच्च्या विटांच्या रचाईत आपल्या पेट्या ठेवायला त्यांनी त्याला कसं पटवलं मला माहीत नाही. नवसागर एका जुन्या कल्हईवाल्या चाचांनी दिला. आता कल्हईला कोण येतं, असं म्हणून त्यांनी अख्खी पिशवी मॅडमच्या हातात ठेवली आणि स्वतःही वीटभट्टीवर येऊन बसू लागले.

पहिल्या खेपेला सगळं फसलं. पेट्या उघडल्या तर पूड ढेकळं होऊन पत्र्याला चिकटली होती आणि ढेकूळ काढलं की थरही सालीसारखा निघत होता. वीटभट्टीवाला हळहळला. मॅडम मात्र उत्साहात होत्या. फसलेले पत्रे घेऊन त्या स्टाफरूममध्ये आल्या, कपाट भरलेलं म्हणून माझ्या टेबलावर ठेवले, आणि आठवडाभर मला वर्गाच्या तयारीला जागा मिळाली नाही. पत्रा नीट घासला नव्हता, पुडीत माती कमी पडली, आणि पेटी जाळाच्या फार जवळ होती, असं त्यांनी काढलं.

यात दिवस जात होते. गटातल्या काही जणी त्या हंगामात तोडीला गेल्याच. कोयत्याचं बोललेली बाईही गेली. मी गावाला जाऊन आलो की मॅडम आधी तिची चौकशी करायच्या. तिची पोरं कुठं आहेत, आजीकडं ठेवली का सोबत नेली. एकदा मी म्हणालो, मॅडम, तुम्ही तिला पाठवलं नाही. त्या म्हणाल्या, बसले मी होते, कोयता तिच्या हातात आला.

दुसऱ्या खेपेचे पत्रे पेटीतून निघाले ते राखाडी, थोडी निळसर झाक असलेले, हाताला मऊ लागणारे. मॅडमनी एक कोपरा वाकवून पाहिला, तापवून पाण्यात बुडवून पाहिला, कानस लावून पाहिला. थर हलला नाही. चाचांनी पत्रा उन्हात तिरपा धरला आणि म्हणाले, "माशाल्ला, पोटात गेलंय." मॅडम म्हणाल्या, यापेक्षा चांगलं पुस्तकालाही सांगता आलं नसतं.

बूड बसलं, नळी बसली. भट्टी पेटवायची त्या दिवशी सकाळी कोणाला बोलावलं नव्हतं. माळा नव्हत्या, खुर्च्या नव्हत्या. वहिनीनं काडी लावली. मॅडम हंड्याच्या बाजूनं फिरत होत्या. मी हात धरून त्यांना मागं ओढलं तर ऐकेनात. जाळ धरला, लाकडाचा पांढरा धूर निघाला, मग पिवळा, आणि मग नळीच्या तोंडाशी वायू फुस्स करून पेटला आणि निळ्या ज्योतीनं आपला आपण जळायला लागला. बूड लाल झालं. बायका ओट्यावर बसून बघत होत्या. दुपारपर्यंत काही झालं नाही. काहीच झालं नाही, याच्यासारखी चांगली गोष्ट मी आयुष्यात कमी बघितलीय.

ऊन कलायला लागलं तेव्हा जाळ आपोआप बसत आला. मॅडम वहिनीला म्हणाल्या, की जरा पाठ टेकते. वहिनीनं सोप्यात घोंगडी टाकली. मॅडम बुटांसकट आडव्या झाल्या आणि बोलता बोलता झोपल्या. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसलो, पण दुपारच्या रिकाम्या तासालाही त्यांना कधी पेंगताना पाहिलं नव्हतं. वहिनीनं त्यांच्या पायातले बूट काढले. नाड्या सोडताना तिनं हात इतका हळू चालवला की मॅडमना कळलं नाही. कोणी तरी टीव्ही बंद केला. शेजारच्या घरी पिठाची गिरणी होती, वहिनीनं स्वतः जाऊन ती थांबवायला सांगितली. दळणाला आलेल्या बाया डबे घेऊन तिथंच भिंतीच्या सावलीत बसल्या.

त्याच वेळी रस्त्यावर धुरळा उडाला. साहेबांची गाडी होती. ते कुठल्याशा कार्यक्रमाहून भूमकडं चालले होते, वाटेत भट्टीचा धूर दिसला म्हणून वळले. उतरताच त्यांनी मोठ्यानं विचारलं, "अरे वा, पेटली का शेवटी?"

वहिनी ओट्यावरून लगबगीनं खाली उतरली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पेटली साहेब, सकाळीच," ती म्हणाली. "मॅडम झोपल्यात. जरा हळू बोला."

साहेबांनी सोप्यात डोकावून पाहिलं. घोंगडीवर एक म्हातारी बाई तोंड थोडं उघडं ठेवून झोपली होती, शेजारी तिचे बूट नीट लावून ठेवलेले. त्यांनी आपल्या पायातल्या चपला काढल्या आणि ओट्याच्या कडेला बसले. वहिनीनं चहा दिला. भट्टी कशी चालली, कोळसा किती निघंल, बाकीच्या बायका कधी येणार, सगळं त्यांनी कुजबुजत विचारलं आणि वहिनीनंही कुजबुजत सांगितलं. चहा संपला. जाताना ते ड्रायव्हरला काही तरी म्हणाले. रस्ता तिथून उताराला लागतो. ड्रायव्हरनं गाडी सुरूच केली नाही, नुसती सोडून दिली, आणि पार वेशीच्या पुढं गेल्यावर मग इंजिनाचा आवाज आला.